ओटाव्याच्या थंडीसाठी परवडणारा हीट पंप: आधी घराचं गणित, मग यंत्र

दोन उन्हाळ्यांपूर्वी ऐन जुलैत आमचा एसी बंद पडला. कॅनडात ओटाव्याच्या बारहेवन उपनगरातलं, २००४ साली बांधलेलं टाउनहाउस, तेही रांगेच्या टोकाचं, म्हणजे तीन भिंती उघड्या. एसी आणि गॅसची फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, दोन्ही घराच्याच वयाची. तेव्हा मला हीट पंपाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की तो उन्हाळ्यात एसीसारखा थंड करतो आणि हिवाळ्यात उलटा चालून घर गरम करतो. चार ठिकाणांहून कोटेशनं मागवली. सगळ्यात स्वस्त ७,२०० डॉलर, सगळ्यात महाग १७,५००, आणि घर एकच. एवढा फरक का, हे शोधण्यात माझे सहा आठवडे गेले. ते सगळं इथे लिहिते आहे, म्हणजे तुमचे जाणार नाहीत.

त्याच वर्षी नाशिकहून आई आली होती. तिचा पहिला प्रश्न: "अगं, बाहेर उणे वीस, आणि तू म्हणतेस हे यंत्र उष्णता बाहेरून आत आणतं?" मी तिला फ्रिजच्या बाजूला हात लावायला सांगितलं. फ्रीजरच्या आत उणे १८ असतं, तरी त्यातली उष्णता ओढून फ्रिज ती स्वयंपाकघरात सोडतो, म्हणून ती बाजू कोमट लागते. हीट पंपाचा फ्रीजर म्हणजे आपलं अंगण. नळीतलं रेफ्रिजरंट बाहेरच्या हवेपेक्षाही थंड करायचं, मग बाहेरची उष्णता आपणहून त्यात शिरते. कॉम्प्रेसरने दाबून ते गरम करायचं आणि आत सोडायचं. वीज उष्णता तयार करण्यावर खर्च होत नाही, वाहून आणण्यावर होते. एका युनिट (किलोवॅट-तास) विजेत किती युनिट उष्णता आली, त्या आकड्याला सीओपी म्हणतात. थंडीसाठी बनवलेल्या यंत्रात तो ८ अंशांना साधारण साडेतीन-चार, उणे १५ ला दोनच्या आसपास आणि उणे २५ ला दीडच्या जवळ येतो. भिंतीच्या तळाशी लावतात त्या साध्या विजेच्या बेसबोर्ड हीटरचा कायम एक.

तुमच्या घरात आज काय जळतं?

यंत्र निवडण्याआधी हा प्रश्न, कारण "परवडणारा" या शब्दाचा अर्थच त्यावर ठरतो.

घर बेसबोर्डवर, तेलावर किंवा प्रोपेनवर असेल तर फार विचार करू नका, हीट पंप घ्या. नदीपलीकडे गातिनोमध्ये माझी मैत्रीण राहते. तिचं घर पूर्ण बेसबोर्डवर होतं. तिने खाली एक आणि वर एक असे १२,००० बीटीयूचे (बीटीयू हे उष्णतेचं माप) दोन मिनी-स्प्लिट, म्हणजे भिंतीवरचे छोटे हीट पंप, लावले, बेसबोर्ड काढले नाहीत, फक्त त्यांचे थर्मोस्टॅट खाली आणून ठेवले. कितीही थंडी पडली तरी सीओपी एकच्या खाली जात नाही, म्हणजे तिचं नुकसान होण्याची शक्यताच नाही. तिला तिथल्या वीज कंपनीच्या, हायड्रो-क्वेबेकच्या, लॉजीव्हेर योजनेतून मदतही मिळाली.

गॅस असेल तर प्रामाणिकपणे गणित करावं लागतं. एका घनमीटर गॅसपासून ९५ टक्के कार्यक्षम फर्नेस साधारण ९.८ युनिट उष्णता देते. बिलावरच्या वापरानुसार बदलणाऱ्या सगळ्या रकमा एकत्र करा; दरमहा ठरलेला आकार सोडून द्या. माझ्याकडे एक घनमीटर ४० सेंटला पडत होता, म्हणजे उष्णतेचं एक युनिट ४.१ सेंटला. वीज, डिलिव्हरी धरून, दिवसा साधारण १३ सेंट. १३ भागिले ४.१ म्हणजे ३.२. दिवसा सीओपी ३.२ च्या वर असेल तरच हीट पंप गॅसपेक्षा स्वस्त, आणि ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, एप्रिलच्या हवेत जमतं, जानेवारीत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा कार्बन आकार रद्द झाला. तो घनमीटरला १५.२५ सेंट होता, तेव्हा त्याआधीची जुनी गणितं कुणी दाखवली तर ती आता लागू नाहीत.

मग मी का घेतला? कारण एसी तसाही बदलायचाच होता. नुसत्या एसीच्या आणि त्याच ताकदीच्या हीट पंपाच्या कोटेशनमध्ये मला २,६०० डॉलरचा फरक पडत होता, आणि तेवढ्यात वर्षातले सहा-सात महिने घर विजेवर गरम होतं. गॅस असलेल्या माणसाने चालू असलेला चांगला एसी काढून हीट पंप बसवावा असं मी म्हणणार नाही. एसी मरायला टेकला असेल तर मात्र पुन्हा नुसता एसी बसवणं ही चूक आहे.

तेलवाल्यांसाठी: एका लिटरमधून घराला साधारण ९ युनिट उष्णता मिळते, प्रोपेनच्या लिटरमधून साडेसहा. बाकीचा भागाकार तोच.

घराला उष्णता किती लागते?

कोटेशन द्यायला आलेल्या चौघांपैकी तिघांनी घराचं क्षेत्रफळ विचारलं आणि लगेच "तीन टन" सांगितलं. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. एक जण म्हणाला, मोठा घेतला की काळजी नाही. हीट पंपाच्या बाबतीत हे वाक्य चूक आहे. का, ते पुढे येईल.

खरा हिशेब कॅनडात सीएसए एफ२८० या पद्धतीने करतात. खोल्या, खिडक्या, इन्सुलेशन, हवेची गळती सगळं मोजतात. कंत्राटदार तो करून देत असेल तर उत्तमच. तोवर जुन्या बिलांवरून घरच्या घरी जे उत्तर निघतं, ते क्षेत्रफळावरून मारलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं असतं. माझं असं:

जानेवारीचा गॅस ३३० घनमीटर. उन्हाळ्यात नुसत्या गरम पाण्याला आणि शेगडीला ४५ लागायचा, तो वजा केला. उरले २८५. एका घनमीटरमध्ये साधारण १०.३५ युनिट ऊर्जा, म्हणजे २,९५०. फर्नेस ९५ टक्क्यांची, म्हणून घरात प्रत्यक्ष आलेली उष्णता २,८०० युनिट. जानेवारीचे तास ७४४. भागाकार केला तर सरासरी ३.७७ किलोवॅट. आता तापमान. ओटाव्याची जानेवारीची सरासरी उणे १० च्या आसपास, आणि बाहेर १८ अंश असताना घराला हीटिंग लागत नाही असं धरतात. अंतर २८ अंश. म्हणजे बाहेरच्या प्रत्येक अंशामागे माझं घर ०.१३५ किलोवॅट गमावतं.

हा ०.१३५ आकडा मी कागदावर लिहून फ्रिजवर लावला होता. पुढचं सगळं त्यातूनच निघालं. ओटाव्याचं डिझाइन तापमान, म्हणजे ज्या थंडीसाठी हीटिंगचा हिशेब करतात ते, उणे २५ धरतात. १८ पासून ४३ अंश खाली, म्हणजे ५.८ किलोवॅट, सुमारे १९,८०० बीटीयू. उणे १५ ला १५,२०० बीटीयू. तीन टन म्हणजे ३६,०००! माझ्या घराला वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्रीसुद्धा याच्या निम्म्याहून थोडंच जास्त लागतं.

तुमची फर्नेस जुनी, ८० टक्क्यांची असेल तर ९५ च्या जागी ८० घ्या. ज्या महिन्याचं बिल घेतलं त्याच महिन्याचं प्रत्यक्ष सरासरी तापमान एन्व्हायर्न्मेंट कॅनडाच्या नोंदींतून घेतलंत तर उत्तर अधिक नेमकं येईल. सुट्टीवर भारतात गेला होतात तो महिना मात्र घेऊ नका.

आणि हे गणित झाल्यावर बेसमेंटमध्ये जाऊन एकदा वरच्या कडेला, जिथे पाया आणि लाकडी मजला भेटतात, तिथे थंडीच्या दिवशी हात फिरवा. आमच्याकडे तिथून चक्क वारा येत होता. दोन शनिवार, फोमचे तुकडे आणि सीलंट, एवढ्यात तो थांबला. जे घर उष्णता कमी गमावतं त्याला छोटा पंप पुरतो, आणि छोटा पंप स्वस्त असतो.

यंत्राच्या कागदावर काय वाचायचं

खोक्यावर मोठ्या अक्षरात दोन गोष्टी असतात: "२४,००० बीटीयू" आणि "उणे ३० पर्यंत चालतो". दोन्ही खऱ्या, आणि निवडीसाठी दोन्ही अपुऱ्या. २४,००० हा आकडा सौम्य हवेतला. "उणे ३० पर्यंत चालतो" म्हणजे तिथपर्यंत बंद पडत नाही. तेव्हा किती उष्णता देतो, हे त्या वाक्यात नाही.

तुम्हाला हवा आहे तो उणे १५ चा आकडा. नीप या अमेरिकी संस्थेने थंड हवामानाच्या पंपांची एक यादी तयार केली आहे. तीत मॉडेल क्रमांक टाकला की ८.३, उणे ८.३ आणि उणे १५ अंशांना किमान आणि कमाल क्षमता व सीओपी दिसतात. फॅरनहाइटमध्ये ते ४७, १७ आणि ५. यादीत येण्यासाठी उणे १५ ला सीओपी किमान १.७५ लागतो. एनर्जी स्टारच्या थंड हवामानाच्या शिक्क्याला त्याशिवाय ८.३ अंशांच्या तुलनेत उणे १५ ला ७० टक्के क्षमता टिकवावी लागते. मी दोन यंत्रं शेजारी ठेवली, दोन्हीवर २४,००० छापलेलं. उणे १५ ला एकाचा कमाल आकडा १३,५००, दुसऱ्याचा १९,०००. माझी गरज १५,२००. पहिलं ९०० डॉलरने स्वस्त होतं आणि माझ्या घरासाठी निरुपयोगी. मित्सुबिशीची हायपर-हीट मालिका उणे १५ ला पूर्ण क्षमता देते म्हणून तिचं नाव सगळे घेतात, पण यादी नीट चाळली तर ग्री, मिडिया, सेनव्हिल यांच्या थंडीसाठीच्या मालिकांमध्येही बरी यंत्रं सापडतात. ब्रँड बघून विकत घेऊ नका आणि ब्रँड बघून नाकारूही नका, मॉडेल क्रमांक बघा.

आता "मोठा घेतला की काळजी नाही" याचं उत्तर. त्याच यादीत किमान क्षमता असते, आणि ती जवळजवळ कुणी वाचत नाही. बाहेर ८ अंश असताना माझ्या घराला ४,६०० बीटीयू पुरतात. त्या तीन टनाच्या यंत्राची किमान क्षमता १४,००० होती. ते मंद चालूच शकत नाही. दहा मिनिटं जोरात चालणार, बंद होणार, परत चालू होणार. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे पैसे तुम्ही मोजता ते तो संथपणे, तासन्तास चालावा म्हणून. सतत चालू-बंद झाला तर कार्यक्षमता जाते, यंत्र झिजतं आणि उन्हाळ्यात हवेतला दमटपणाही नीट निघत नाही. मी घेतलेल्या दोन टनाच्या यंत्राची किमान क्षमता ७,२०० आहे. अगदी आदर्श नाही, पण चालतं.

रेफ्रिजरंटबद्दल थोडक्यात. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून घरगुती वापराची नवी आर-४१०ए यंत्रं बनवणं थांबलं, त्या जागी आर-३२ आणि आर-४५४बी आले. त्यांचा तापमानवाढीचा परिणाम ४१०ए च्या एक तृतीयांशापेक्षा कमी आहे. जुना साठा सवलतीत मिळत असेल तर सवलत भरपूर हवी, नाहीतर नवंच घ्या.

उणे २५ च्या रात्रीचं काय?

त्या रात्रींसाठी महागडं यंत्र घेणं मला पटलं नाही. माझा पंप उणे १८ पर्यंत एकट्याने घर सांभाळू शकतो, त्याखाली फर्नेस लागतेच. ओटाव्यात उणे १८ च्या खालचे तास हिवाळ्याच्या मानाने थोडे. जुनी फर्नेस चालत असेल तर तिला राहू द्या, हाच सगळ्यात स्वस्त बॅकअप आहे. गॅस नसेल तर डक्टमध्ये, म्हणजे खोल्यांत हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळात, विजेचा हीटर बसवावा लागतो. १० किलोवॅटचा हीटर २४० व्होल्टवर ४२ अँपिअर घेतो. घराचं पॅनेल १०० अँपिअरचं असेल तर इलेक्ट्रिशियनला आधी विचारा. पॅनेल बदलण्याचा खर्च कोटेशनमध्ये मागाहून उगवतो.

ओंटारियोत, म्हणजे ओटावा ज्या प्रांतात आहे तिथे, रात्रीचा अतिस्वस्त दर मिळतो, रात्री ११ ते सकाळी ७. तो दर घेतला की सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते रात्री ९ वीज सगळ्यात महाग होते. फर्नेस हाताशी असेल तर हे सोनं आहे. रात्री मला वीज साडेसहा सेंटच्या आसपास पडते, म्हणजे सीओपी १.६ असला तरी पंप गॅसच्या बरोबरीने चालतो. संध्याकाळी ४ ते ९ फर्नेस, बाकी वेळ बाहेरच्या तापमानानुसार. म्हणून थर्मोस्टॅट असा मागा जो बाहेरचं तापमान आणि घड्याळ दोन्ही बघून फर्नेसवर जाऊ शकेल. काही इन्व्हर्टर यंत्रं फक्त स्वतःच्याच थर्मोस्टॅटशी बोलतात. सही करण्याआधी हे विचारा. मी विचारलं नसतं तर अडकले असते.

डक्टबद्दलही विचारा. पंपाची हवा फर्नेसपेक्षा कमी गरम असते, त्यामुळे ती जास्त प्रमाणात फिरवावी लागते: दर टनाला मिनिटाला ३५० ते ४०० घनफूट. अरुंद डक्टवर मोठा पंप लावला की हवा शिट्टी घालते आणि वरच्या बेडरूम थंडच राहतात.

पैसे वाचवायचे ते यंत्रात, बसवणाऱ्यात नाही

स्वस्तातलं यंत्र नीट बसवलं तर चांगलं चालतं. उत्तम यंत्र वाईट बसवलं तर दुसऱ्या हिवाळ्यात रेफ्रिजरंट गळलेलं असतं. ओंटारियोत रेफ्रिजरंट हाताळायला ओडीपी कार्ड (ओझोनला घातक वायूंबद्दलच्या प्रशिक्षणाचं) लागतं आणि असं काम परवानाधारक मेकॅनिकनेच करायचं असतं. विजेच्या जोडणीची सूचना इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडे जायला हवी. दोन्ही क्रमांक कोटेशनवर लिहून मागा. मग तीन प्रश्न विचारा: नळ्या जोडल्यावर नायट्रोजन भरून दाब तपासणार का, व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत मारणार (नळीत उरलेल्या दाबाचं हे माप), नळ्यांच्या जोडावरचे फ्लेअरचे नट टॉर्क पान्याने आवळणार का. दुसऱ्याचं उत्तर ५०० किंवा त्याखाली यायला हवं. मी ज्याला काम दिलं तो हे ऐकून खूश झाला आणि गेजचा फोटो काढून पाठवतो म्हणाला. ज्याने विषय बदलला त्याला मी काम दिलं नाही.

इतकं करूनही एक चूक माझ्या नजरेतून सुटली. बाहेरचं युनिट छपराच्या पागोळीखाली ठेवलं गेलं. पंप थंडीत बाहेरच्या कॉइलवर दव गोठवतो, सगळ्यात जास्त शून्याच्या आसपासच्या ओल्या हवेत, आणि दर काही वेळाने उलटा चालून ते वितळवतो. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. तेव्हा युनिटमधून वाफ निघते, घाबरू नका. पण वरून छपराचं पाणीही ठिबकायला लागलं तेव्हा पंख्याच्या जाळीवर बर्फाचा थर चढला, आणि खाली वितळलेलं पाणी बाजूच्या वाटेवर गोठलं. माझा नवरा तिथेच घसरून पडला, मनगट सुजलं. बसवणाऱ्यांनी एप्रिलमध्ये येऊन युनिट दीड मीटर सरकवलं, ४५० डॉलर घेतले. तुम्ही जागा आधी स्वतः ठरवा: पागोळीपासून दूर, वाटेच्या विरुद्ध बाजूला, जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच स्टँडवर, म्हणजे साठलेल्या बर्फाच्या वर. लाकडी भिंतीला ब्रॅकेटने टांगू देऊ नका, थरथर सगळ्या घरात येते, आणि टाउनहाउसमध्ये शेजाऱ्यांकडेही. खालच्या तबकात हीटर आहे ना, तेही बघा. इथे तो हवाच.

सुट्या भागांचा प्रश्न स्वस्त ब्रँडच्या बाबतीत खरा आहे. जानेवारीत कंट्रोल बोर्ड गेला तर तो शहरातल्या घाऊक विक्रेत्याकडे असतो की समुद्रापलीकडून येतो, हे बसवणाऱ्याला विचारा. वॉरंटी दहा वर्षांची असली तरी मजुरी त्यात सहसा नसते, आणि परवानाधारकाने बसवल्याचा पुरावा मागतात. इंटरनेटवरून यंत्र स्वतः मागवून "फक्त बसवून द्या" म्हणणाऱ्यांना इथे बरेच कंत्राटदार उभे करत नाहीत, हेही आधी जाणून घ्या.

अनुदान आणि दारावर येणारे

केंद्राची ग्रीनर होम्स ग्रँट नव्या अर्जांसाठी २०२४ मध्येच बंद झाली, बिनव्याजी कर्जही ऑक्टोबर २०२५ मध्ये. ओंटारियोत जानेवारी २०२५ पासून होम रिनोव्हेशन सेव्हिंग्ज योजना आहे; घर विजेवर गरम होतं की गॅसवर यावर रक्कम ठरते, आणि विजेवाल्यांना बरीच जास्त. काम सुरू करण्याआधी नियम वाचा आणि यंत्राचा मॉडेल क्रमांक त्यांच्या यादीत आहे का ते स्वतः तपासा, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका.

आणि हे नव्याने आलेल्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम. ओंटारियोत न बोलावता दारावर येऊन फर्नेस, एसी, वॉटर हीटर यांचे करार करायला १ मार्च २०१८ पासून बंदी आहे. तरी कुणी गळ्यात ओळखपत्र अडकवून "सरकारी तपासणी" म्हणत येतो. आत घेऊ नका. "शून्य डॉलर, महिन्याला फक्त एवढे" म्हणून देऊ केलेला हीट पंप बहुधा भाड्याचा असतो, दहा-पंधरा वर्षं पैसे भरायचे आणि घर विकताना करार फेडायचा. पूर्वी असे लोक घराच्या मालकीवर नोंद टाकून ठेवायचे. जून २०२४ मध्ये ओंटारियोने ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी त्या नोंदी बंद केल्या, पण करार करारच राहतो. माझ्या ओळखीचं एक कुटुंब यातून सुटायला वकिलाकडे गेलं.

बसवल्यानंतरचा पहिला हिवाळा

फर्नेसची सवय असलेल्यांना वाटतं पंप नीट चालत नाही, कारण जाळीवर हात धरला तर हवा ३५-४० अंशांचीच लागते. आई रोज म्हणायची, "ही हवा गरम कुठे आहे?" पण घर २१ वर स्थिर राहिलं आणि चार दिवसांत तिचा रात्रीचा स्वेटर गेला. रात्री तापमान पाच अंश उतरवून सकाळी चढवायची सवय सोडा. पंपाला मोठी चढण नकोशी असते, आणि ती चढताना बॅकअप चालू होतो. एक-दोन अंश पुरे. पंख्याचा वेग ऑटोवर. फिल्टर महिन्याला बघा. बर्फ पडला की युनिटच्या चारी बाजूंनी हातभर जागा फावड्याने मोकळी करा, आणि बर्फाळ पावसानंतर जाळीवर थर दिसला तर कोमट पाणी ओता, हातोडी किंवा चाकू लावू नका. वीज गेली की पंप बंद, पण पंख्याला वीज लागते म्हणून गॅसची फर्नेसही बंद पडते. एप्रिल २०२३ च्या बर्फाळ वादळात ते इथे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

डिसेंबरपासून दर रविवारी मी वहीत तीन आकडे लिहिते: विजेचं मीटर, गॅसचं मीटर, आठवड्याचं सरासरी तापमान. फर्नेसवर जायचा आकडा आधी बसवणाऱ्याने उणे १० वर ठेवला होता. वहीतले आकडे बघून मी तो रात्रीसाठी उणे १८ वर नेला, दिवसासाठी शून्याच्या जवळ ठेवला.